माकडाच्या अंडाशयातल्या मूळपेशी: सिंधुदुर्गातल्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्राचा एम.एस्सी. विभाग आहे. विभाग लहान असला तरी तिथे पेशीसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, खोली आहे. एक लॅमिनार (निर्जंतुक हवेखाली काम करण्याची पेटी), एक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर आणि साधा फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप एवढ्या साहित्यावर मुलं प्रकल्प करतात. मी त्या कॉलेजच्या प्राणी-नीतिमत्ता समितीवर होते, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या अर्जापासून व्हायव्हापर्यंत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत, जवळून पाहिलं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील वगळले आहेत. निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच मांडले आहेत.

अर्ज एका हुशार विद्यार्थिनीचा होता. तिच्या मामेबहिणीला लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) झाला होता. केमोथेरपीने आजार आटोक्यात आला, पण पंचविशीतच पाळी थांबली. ‘अंडाशयात मूळपेशी असतात आणि त्यांपासून नवी स्त्रीबीजं तयार करता येतात’ हे वाचल्यावर तिला विषय सापडला: प्रायमेट, म्हणजे माकड-माणसाच्या गटातल्या, प्राण्याच्या अंडाशयातून या मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून इतर पेशी घडू शकतात) वेगळ्या काढायच्या आणि त्यांचं संवर्धन करायचं. प्रायमेटच का, याचं तिचं उत्तर बिनतोड होतं. उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला सरळ लागू होत नाहीत. मकाक माकडांना माणसासारखीच मासिक पाळी येते आणि वय झालं की त्यांचंही अंडाशय थकतं. शिवाय आमच्याकडच्या बागायतदाराला माकड शोधायला लांब जावं लागत नाही. लाल तोंडाची माकडं (तीही मकाकच) नारळ-केळीची नासधूस करतात आणि काळ्या तोंडाचे वानर आंब्याचा मोहर ओरबाडतात. ‘साहित्य दारातच आहे’ असं तिला वाटणं साहजिक होतं.

अडचण कुठे होती

पहिली अडचण विषयातच होती. शरीररचनाशास्त्रज्ञ सॉली झुकरमन यांनी १९५१ मध्ये मांडलेलं मत पुढची पन्नास वर्षं टिकलं: मादी जन्मतानाच आपला स्त्रीबीजांचा साठा घेऊन येते आणि तो पुढे फक्त कमी होत जातो. माणसाच्या गर्भात विसाव्या आठवड्याच्या सुमाराला साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात, जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन टिली यांच्या गटाने प्रौढ उंदरात नवी स्त्रीबीजं तयार होत असल्याचा दावा केला आणि खळबळ उडाली. २००९ मध्ये शांघायच्या गटाने उंदराच्या अंडाशयातून अशा पेशी वेगळ्या केल्याचं लिहिलं. २०१२ मध्ये टिली यांच्याच गटाने मानवी अंडाशयातूनही त्या काढल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या गटाने २०११ मध्ये ससा, मेंढी, माकड आणि माणूस या चौघांच्या अंडाशयाचा पृष्ठभाग हलकेच खरवडून अगदी बारीक, मूळपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी मिळाल्याचं प्रसिद्ध केलं.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. २०१३ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी प्रौढ माकडांची अंडाशयं तपासली आणि नवी स्त्रीबीजं तयार होत असल्याचा पुरावा मिळत नाही असं सांगितलं. २०२० मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने मानवी अंडाशयाच्या बाह्य थरातल्या पेशी एकेक करून तपासल्या. बीजपेशींत आढळणाऱ्या डीडीएक्स४ या प्रथिनाची अँटिबॉडी (त्या प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरून ज्या पेशी ‘मूळपेशी’ म्हणून वेगळ्या काढल्या जात होत्या, त्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी निघाल्या.

म्हणजे प्रश्न ‘पेशी कशा काढायच्या’ एवढाच नव्हता. काढलेली पेशी नेमकी कोणती आहे हे आपण कशावरून ठरवणार, हा खरा प्रश्न होता. तिच्या अर्जात पहिल्या प्रश्नाला चार पानं होती आणि दुसऱ्याला एक ओळ: ‘मार्कर तपासले जातील.’ मार्कर म्हणजे पेशीची ओळख पटवणारी प्रथिनं.

दुसरी अडचण माकडाची. आमच्याकडचं लाल तोंडाचं माकड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. ते बागेत घुसून कितीही नुकसान करत असलं तरी त्याचा अवयव हा वन्यजीवाचाच अवयव ठरतो. जिवंत प्रायमेटवर प्रयोग करायचा तर कॉलेजच्या समितीची शिफारस पुरत नाही. प्रस्ताव केंद्र सरकारच्या प्राणीप्रयोग नियंत्रण समितीकडे जातो. एका वर्षाच्या एम.एस्सी. प्रकल्पात हे बसणं अशक्य होतं. आणि ते बसलं असतं तरी मी शिफारस केली नसती, कारण पद्धतच हाताखालून गेलेली नसताना माकडाला हात लावायला माझा ठाम विरोध होता आणि आजही आहे.

समोर आलेले मार्ग

समितीपुढे विषय आला त्याच आठवड्यात गावाकडून विद्यार्थिनीच्या मामांचा फोन आला. विजेच्या तारेला चिकटून माकडीण मेली होती. “केलडा मेला हा गो, अजून गरम हा. येतंस काय?” ती लगेच मार्गदर्शक मॅडमकडे धावली. बाटली, बर्फ, ग्लोव्हज सगळं तयार होतं.

मॅडमनी तिला थांबवलं. प्रकरणातला पहिला मोठा निर्णय हाच आणि तो पाच मिनिटांत घ्यावा लागला. कायदा हे एक कारण होतंच. पण सिंधुदुर्गात त्याहून मोठं कारण माकडतापाचं आहे. माकडताप म्हणजेच क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ पासून तो दोडामार्ग आणि नंतर बांदा-सावंतवाडी भागात आला. काजूच्या बागांत काम करणाऱ्या माणसांनी तो सोसला आहे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या, हा आजार पसरवणाऱ्या गोचिडी ते सोडून नवं अंग शोधतात. मेलेलं माकड तारेला चिकटून मेलं की तापाने अशक्त होऊन तारेवर पडलं, हे खाली उभं राहून कोणाला सांगता येणार? शिवाय मकाक माकडांत बी विषाणू असू शकतो. माणसाला त्याची लागण क्वचितच होते, पण झाली आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर ती बहुतेक वेळा जीवघेणी ठरते. आमच्या प्रयोगशाळेत अशा जोखमीचं ऊतक उघडण्याची सोयच नव्हती.

मॅडमनी मामांना दोन गोष्टी सांगितल्या: जवळ जाऊ नका, आणि वनविभागाला व आरोग्य केंद्राला कळवा. संध्याकाळी वनकर्मचारी येऊन मृतदेह घेऊन गेले. मुलगी नाराज झाली. ‘हातातलं सोन्यासारखं सॅम्पल गेलं’ असं ती मैत्रिणींना म्हणाली. तिला नंतर जे समजावलं ते इथेही लिहिण्यासारखं आहे. मृत्यूची नेमकी वेळ माहीत नाही, देह उन्हात पडलेला, पोटातले जंतू पसरायला सुरुवात झालेली. अशा देहातल्या अंडाशयाच्या पेशी संवर्धनात टिकल्या नसत्या, आणि टिकल्या असत्या तरी त्यांवरून काढलेल्या कोणत्याही निष्कर्षावर विश्वास ठेवता आला नसता.

दुसरा मार्ग एका पशुवैद्यकाने सुचवला. माकडांच्या निर्बीजीकरणाची मागणी कोकणात सतत होते. तशी मोहीम झाली तर अंडाशय ‘तसंही’ मिळेल, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण हिमाचल प्रदेशात अनेक वर्षं चाललेल्या मोहिमेत माद्यांच्या बीजवाहिन्या बंद केल्या जातात, अंडाशय काढलं जात नाही. म्हणजे ते ‘तसंही’ मिळणारं नाही. प्रकल्पासाठी ते काढणं ही वेगळी, जास्तीची शस्त्रक्रिया झाली असती, म्हणजेच जिवंत प्रायमेटवरचा प्रयोग. हा मार्ग समितीने तिथेच बंद केला.

तिसरा मार्ग शेळीच्या अंडाशयाचा. कत्तलखान्यात टाकून दिला जाणारा भाग, त्यासाठी कुठलाही प्राणी मारावा लागत नाही. चौथा मार्ग मुंबईतल्या एका संशोधन संस्थेकडे विनंती करण्याचा. जुन्या, मंजूर प्रयोगांतली माकडाच्या अंडाशयाची मेणात जतन केलेली ऊतकं तिथे होती. त्यांत पेशी वाढवता येत नाहीत, पण कोणती पेशी कुठे बसली आहे हे पाहता येतं.

ठरलं ते असं: पद्धत शेळीवर बसवायची आणि प्रायमेटचा प्रश्न मुंबईच्या त्या ऊतकांच्या स्लाइडवर विचारायचा. विद्यार्थिनीला हे दुय्यम वाटलं. शीर्षकातून ‘प्रायमेट’ जाईल याची तिला धास्ती होती. मॅडमनी शीर्षक नंतर ठरवायचं सांगितलं, आणि ते बरं केलं.

प्रत्यक्ष काम

शेळीचं अंडाशय मिळवणं सोपं असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण मटणाला गिऱ्हाईक बोकडच मागतं. मादी कापली जाते ती म्हातारी किंवा भाकड. खाटीकचाचांनी स्पष्ट सांगितलं, “ताई, भाकड शेळी आली की फोन करतो, रोज नाय मिळायची.” त्यामुळे काम फोनवर चालायचं. फोन आला की मुलगी थर्माकोलचा डबा घेऊन निघायची. बर्फ बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला, मासळीसाठीचा. तो ऊतकाला लागू नये म्हणून निर्जंतुक द्रावणाची झाकणबंद बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवायची. बोराएवढं ते अंडाशय, त्यावर पिवळसर आणि पारदर्शक फुगवटे. तासाभरात ते लॅमिनारखाली यायलाच हवं.

पद्धतीचे दोन पर्याय होते. एकात अंडाशयाचा बाह्य थर चिरून कोलाजिनेज या विकराने विरघळवायचा. दुसऱ्यात फक्त पृष्ठभाग ब्लेडने हलका खरवडायचा. पहिल्यात पेशी भरपूर मिळतात, पण त्यांबरोबर रक्तवाहिन्या, संयोजी ऊतक, लहान बीजपुटकं (स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या पिशव्या) सगळंच येतं. दुसऱ्यात पेशी कमी, पण गाळही कमी. त्यांनी खरवडणं निवडलं. आमच्या साधनांना तेच झेपणारं होतं, तेव्हा निवड योग्य होती.

सेंट्रीफ्यूजचा (नळी गरगर फिरवून पेशी तळाला बसवणाऱ्या यंत्राचा) वेग हाही निर्णयाचाच भाग होता. नेहमीच्या पेशी अडीचशे-तीनशे जी वर (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पटीत) खाली बसतात. या अतिसूक्ष्म पेशींवर काम करणारे सांगतात की त्या वेगाला त्या वरच्या द्रावणातच राहतात आणि आपण त्या सिंकमध्ये ओतून देतो. त्यांना हजार जी लागतं. हजार जी लावलं की खाली बसतं ते सगळंच: बारीक पेशी, फुटलेल्या पेशींचे तुकडे आणि लाल रक्तपेशी.

आणि इथे शेळीनेच कोडं घातलं. ज्या मूळपेशी आपण शोधतो त्या दोन ते चार मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याचं सांगितलं जातं. पाळीव प्राण्यांत सर्वांत लहान लाल रक्तपेशी शेळीची, तीही साधारण तीन ते चार मायक्रॉनची. मायक्रोस्कोपखाली दोन्ही गोल, दोन्ही चमकत्या. पहिल्या तुकडीत विद्यार्थिनीने ‘सूक्ष्म गोल पेशी विपुल’ असं नोंदवलं आणि फोटो काढले. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: “यांना केंद्रक आहे का?” सस्तन प्राण्याच्या प्रौढ लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मूळपेशीत ते जवळजवळ सगळी जागा व्यापतं. डीएनएला रंगवणारा निळा रंग टाकला आणि ‘विपुल’ पेशींपैकी बहुतेक अंधारात गेल्या. थोड्या निळ्या उरल्या. त्यापुढे प्रत्येक तुकडीत लाल रक्तपेशी फोडणारं द्रावण आणि केंद्रकाचा रंग सक्तीचा झाला.

संवर्धन जूनमध्ये सुरू झालं. कोकणातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला विचारा, जूनमध्ये काय होतं. हवेत इतका दमटपणा की फिल्टर पेपर ओला लागतो. लाइट दिवसातून कितीदा जाईल याचा भरवसा नाही. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर टाकला, तरी दार उघडलं की बुरशी आत. दोन तुकड्या काळ्या-हिरव्या होऊन टाकाव्या लागल्या. शेवटी पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशीरोधक घालायचं आणि संवर्धनाच्या दिवसांत त्या खोलीत इतर कोणी यायचं नाही असा नियम झाला. विभागात कुरबूर झाली, पण नियम पाळला गेला.

स्त्रीबीजासारखी पेशी

प्रकरणाचा खरा कस इथे लागला. एका तुकडीत तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तळाशी चिकटलेल्या पेशींच्या थरावर एक मोठी, गोल, काठाला स्वच्छ वलय असलेली पेशी दिसली. स्त्रीबीजच जणू. मुलगी रात्री उशिरापर्यंत त्या डिशपाशी बसून होती. मामेबहिणीला तिने फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत दोन स्पष्टीकरणं समोर आली. मूळपेशींतून स्त्रीबीज तयार झालं, हे एक. खरवडताना एखादं कोवळं बीजपुटक सुटून आलं, ते गाळणीतून निसटलं आणि तेच आता दिसतंय, हे दुसरं. पुटकातलं कोवळं स्त्रीबीज तीस-चाळीस मायक्रॉनच्या आसपास असतं. सत्तर मायक्रॉनची गाळणी ते अडवत नाही. त्या तुकडीचा पहिल्या दिवसाचा फोटो नव्हता. म्हणजे पेशी नंतर तयार झाली की पहिल्यापासून होती, हे सांगायला काहीच आधार नव्हता.

मॅडमनी ती पेशी प्रबंधात ‘उगम अनिश्चित’ म्हणून नोंदवायला सांगितलं आणि पुढच्या तुकड्यांत तीन गोष्टी जोडल्या: पेशी टाकल्याबरोबर संपूर्ण डिशचे फोटो, अधिक बारीक गाळणी, आणि अँटिबॉडीच्या प्रत्येक चाचणीबरोबर मुख्य अँटिबॉडी न घातलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना. शेवटच्या गोष्टीने आणखी एक भ्रम दूर केला. मूळपेशीचा मार्कर म्हणून ऑक्ट४ साठी जी हिरवी चमक दिसत होती, ती कंट्रोलमध्येही फिकी का होईना दिसत होती. तिचा काही भाग दुय्यम अँटिबॉडीचा (मुख्य अँटिबॉडीला चिकटून चमक देणाऱ्या अँटिबॉडीचा) होता, काही पेशींची स्वतःची चमक.

मला या टप्प्यावर त्या मुलीचं फार कौतुक वाटलं. जिच्यासाठी तिने विषय घेतला त्या बहिणीला तिने पुन्हा फोन केला आणि सांगितलं की त्या फोटोवरून अजून काहीच ठरलेलं नाही.

निष्पत्ती

गाळणी आणि फोटोंची शिस्त आल्यावरच्या तुकड्यांत स्त्रीबीजासारखी पेशी पुन्हा दिसली नाही. केंद्रक असलेल्या, चार-सात मायक्रॉनच्या थोड्या पेशी प्रत्येक तुकडीत मिळाल्या. त्यांपैकी काहींत ऑक्ट४ ची चमक कंट्रोलपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. त्या मूळपेशी आहेत असं प्रबंधात लिहिलेलं नाही.

मुंबईच्या स्लाइड पाहायला ती तुतारी एक्स्प्रेसने दादरला गेली. माकडाच्या अंडाशयाच्या छेदांत डीडीएक्स४ ने पुटकांतली स्त्रीबीजं ठसठशीत उजळली होती. पृष्ठभागावरच्या पेशींच्या थरात मात्र खात्रीने बोट ठेवावं असं काही सापडलं नाही. काही छेदांत रक्तवाहिन्यांच्या कडेला अंधुक रंग होता आणि कॅरोलिन्स्काचा निष्कर्ष वाचलेला असल्यामुळे तिने तो कुठे थांबून पाहायचा हे नेमकं ओळखलं. प्रबंधाचं शीर्षक शेवटी ‘शेळीच्या अंडाशय-पृष्ठभागावरील सूक्ष्म पेशी: ओळख पटवण्यातील अडचणी आणि माकडाच्या जतन ऊतकाशी तुलना’ असं झालं. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ कंट्रोलच्या फोटोंवर घालवला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दिवसाचे फोटो पहिल्या तुकडीपासून हवे होते. त्यासाठी पैसा लागत नाही, मोबाइल आणि मायक्रोस्कोप पुरतो. ओळखीचा आराखडा, म्हणजे कोणती पेशी कशी दिसल्यावर काय नाव द्यायचं आणि काय नाही, हा अर्जाबरोबरच मागायला हवा. आमच्या समितीने अर्जाच्या नमुन्यात आता तो रकाना घातला आहे. संवर्धन जूनऐवजी नोव्हेंबरमध्ये सुरू केलं असतं तर दोन तुकड्या वाचल्या असत्या.

मृत माकडाबद्दल विभागात लेखी सूचना नव्हती. मॅडम त्या दिवशी रजेवर असत्या तर मुलगी गेली असती, याची मला आजही धास्ती वाटते. आता प्रयोगशाळेच्या दारावर वनविभाग आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे नंबर लावले आहेत आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक नव्या तुकडीला माकडतापाची माहिती पहिल्याच आठवड्यात दिली जाते.

मामेबहिणीच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली. केमो सुरू होण्याआधी अंडाशयाचा तुकडा गोठवून ठेवायची सोय असते. असा तुकडा परत बसवून २००४ मध्ये बेल्जियममध्ये पहिलं मूल जन्मलं. तिच्या वेळी हा पर्याय तिच्यापुढे कोणी मांडलाच नव्हता. दुसरीकडे, अंडाशयात ‘स्टेम सेल’ टोचून देण्याच्या जाहिराती तिच्या मोबाइलवर येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असं काही फक्त मंजूर चाचणीतच करता येतं, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. विद्यार्थिनीने प्रबंधाच्या परिशिष्टात ही माहिती मराठीत दोन पानांत लिहिली. ती पानं जिल्ह्यातल्या कर्करोग रुग्णांच्या एका मदतगटाने छापून घेतली आहेत, आणि केमोची तारीख ठरायच्या आत ती घरच्यांच्या हाती पडावीत म्हणून ती आता बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीशी ठेवली जातात.